नाव बदलून मिळेल

महाराष्ट्रात नाव बदलायचे दोन मार्ग आहेत. पहिला राजपत्राचा. त्याला अर्ज लागतो, शुल्क लागतं, फोटो लागतो, जुन्या नावाचा पुरावा लागतो आणि भरपूर सबुरी लागते. दुसरा तांदळाचा. ताटात दोन मुठी तांदूळ पसरायचे आणि नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव गिरवायचं. झालं काम! शुल्क नाही, पुरावा नाही. जिचं नाव बदलतंय तिचा अर्ज तर मुळीच लागत नाही.

परवा एका लक्ष्मीपूजनाला हे कामकाज जवळून बघायला मिळालं. नवरदेव इंजिनिअर. शाळा सुटल्यापासून त्याचा हाताने लिहिण्याशी संबंध फक्त सहीपुरता. गुरुजींनी त्याच्या राशीवरून 'श' काढून दिला होता, घरच्यांनी त्याची 'शर्वरी' केली. रफार देताना तांदूळ घरंगळले. "अरे, शवरी झालं ते!" आत्याबाई मागून ओरडल्या. फोटोग्राफर म्हणाला, "सर, पुसून परत एकदा, फोकस नव्हता." नवरी मान लांब करून ताटात डोकावत होती. साहजिकच आहे, आपण कोण हे तिलाही तिथेच कळायचं होतं. दहावीच्या गुणपत्रिकेपासून ऑफिसच्या ओळखपत्रापर्यंत ती स्नेहल होती. मग पेढे वाटले गेले आणि स्नेहल संपली. सुतक मात्र कुणी पाळलं नाही.

आता यावर नाकं मुरडणाऱ्यांनी परंपरेची थोरवी लक्षात घ्यावी. कुर्लेकरांची यमुना रानड्यांकडे आली आणि रमा झाली. कल्याणच्या जोश्यांची यमुना गोपाळरावांची आनंदी झाली आणि त्याच नावाने 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाली. एकोणिसाव्या शतकात यमुना हे नाव फारसं टिकाऊ नसावं. पण आमचा खरा मुजरा 1893 च्या लग्नाला. धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. केवढा गहजब झाला! मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. पण एवढ्या बंडाच्या धामधुमीतही गोदूची आनंदी करायला कुणी विसरलं नाही. रूढी मोडायची म्हटली तरी काही शिस्त असते की नाही?

हल्ली अर्थात सगळे पुढारलेले. "आमच्याकडे सक्ती नाही हो, तिची इच्छा," असं सासूबाई सांगतात. ही इच्छा साखरपुड्याला एकदा, पत्रिका छापताना एकदा आणि हळदीला सगळ्यांदेखत एकदा विचारली जाते, योग्य उत्तर येईपर्यंत. नवरदेव मित्रांत सांगतो, "मी तिला तिचंच नाव लावायची परवानगी दिलीय." त्यावर त्याचं कोण कौतुक होतं. तिने नाव ठेवलं म्हणून तिला मात्र नावं ठेवली जातात. मधला मार्ग म्हणून जोडआडनाव निघालं. ते कुठल्याच फॉर्मच्या चौकटीत मावत नाही, आणि खिडकीपलीकडून "मॅडम, मिस्टरांचं नाव कुठंय?" हे यायचं ते येतंच. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कुठल्याच कायद्यात नाही. कायद्याला काय, त्याला कुठे नातेवाइकांत तोंड दाखवायचं असतं?

पुन्हा हा व्यवहार एकतर्फी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिचं नाव घेतलं जातं, तसं तिलाही त्याचं नाव घेता येतं. फक्त यमक जुळवून. घास भरवताना, उंबरठ्यावर, डोहाळजेवणात, जिथे म्हणून बायका "नाव घे, नाव घे" करतात तिथे. गद्यात नवऱ्याला नावाने हाक मारली की सून उद्धट, पद्यात मारली की संस्कारी. नवरोबा बारशाला मिळालेलं नाव जन्मभर वापरतात, आणि राशीबिशी त्यांनाही असतात.

सरकारही मागे नाही. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम सरकारी कागदांवर बंधनकारक झाला. टाळ्या वाजवून झाल्या असतील तर पुढचं वाचा. विवाहित बाईची नोंद मात्र पूर्वीसारखीच राहणार: तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. आई बाळाच्या नावात शिरली, नवरा तिच्या नावात होता तिथेच बसून आहे. अगदीच वाईट वाटू नये म्हणून मालमत्तेच्या दस्तात लग्नाआधीचं नाव लावायची मुभा दिली आहे. आता फक्त मालमत्ता मिळवायची बाकी. त्यासाठी माहेरी गेलं, तर दादाने हक्कसोडपत्र टाईप करून ठेवलेलंच असतं. "ताई, कुठल्या नावाने सही करतेस ते तू ठरव, आमची काही सक्ती नाही."