शांततेनं घात केला

1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली. यादवी युद्ध संपत आलं, माणसं मरायची थांबणार होती. ही बातमी पोचली आणि मुंबईच्या शेअरबाजारावर सुतक पसरलं. बाजाराचंही खरंच होतं म्हणा. तिथल्या दक्षिणेतली कापसाची बंदरं नाकेबंदीत होती तोवर लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर चालत होत्या, आणि इकडे पैसा ठेवायला जागा उरली नव्हती. मग तो समुद्रात टाकायचं ठरलं.

बॅकबे रेक्लमेशन कंपनी! समुद्र हटवून जमीन करायची. भराव पुरा होण्याच्या कितीतरी आधी पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. त्या मौल्यवान भूखंडावर तेव्हा फक्त बोंबील राहत होते, आणि त्यांना कोणी प्रॉस्पेक्टस दाखवलं नव्हतं.

या यज्ञात तूप ओतायला बँक ऑफ बॉम्बे होतीच. तिच्या भांडवलात सरकारचाही हिस्सा, म्हणजे काळजीचं कारणच नाही. 1863 च्या कायद्यानं तिला शेअर तारण घेऊन कर्ज द्यायची मुभा दिली. मग कर्ज काढून शेअर, शेअर ठेवून कर्ज. शेअरबाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद यांचा शब्द तिथे तारणापेक्षा भारी. (तेजीत असताना त्यांनी आईच्या नावे मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, हे बरं केलं. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. बँक त्याच्या दहा वर्षं आधीच गुंडाळली गेली होती.)

1 जुलै 1865 ही वायदे पुरे करायची तारीख. घेणेकरी सगळे हजर, देणेकरी एकही नाही.

बँक बुडाल्यावर रिवाजाप्रमाणे चौकशी आयोग बसला. दोष निघाला 1863 च्या मुभेचा आणि बँकेतल्या दुबळ्या अधिकाऱ्यांचा. तोवर त्याच नावाची नवी बँक उघडलीसुद्धा होती. 2008 मध्ये अमेरिकेनं समुद्राऐवजी घरं घेऊन हाच प्रयोग केला. आपल्या पेटंटबद्दल आभाराचा शब्दही नाही!

वायद्यांची हौस मात्र आपण अजून जपली आहे. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तीन वर्षांत शंभरातल्या 93 किरकोळ गुंतवणूकदारांनी पैसे घालवले, असं सेबीनं 2024 मध्ये जाहीर केलं. आमच्या सोसायटीतल्या एका होतकरू तरुणानं ती बातमी बारकाईनं वाचली. आता तो उरलेल्या सातांत कसं जायचं, याचा ऑनलाइन कोर्स करतोय. फी कर्ज काढून भरली आहे.