चोवीस बाटल्यांची वर्षासहल

आषाढ लागला की नाशिकच्या कुटुंबगटांवर मतदान सुरू होतं. पर्याय चार : त्र्यंबक, इगतपुरी, भंडारदरा, पेठ. पहिल्या तिन्ही ठिकाणी गाडी लावायला जागा मिळत नाही हे गेल्याच वर्षी सिद्ध झालेलं असल्यामुळे पेठ निवडून येतं. बिनविरोध नव्हे. धाकट्या आत्यांचं मत भंडारदऱ्यालाच असतं आणि सहल संपेपर्यंत त्या ते मागे घेत नाहीत.

मग नियोजन. घरातला जो गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेला असतो त्याच्याकडे हे खातं आपसूक जातं, आणि तो तक्ता करतो. कोण कुठल्या गाडीत, कोणाला गाडी लागते, दशम्या कोणाकडे, भेळेचा कांदा घरून चिरून न्यायचा की तिथेच चिरायचा. पण तक्त्यातलं सगळ्यात वजनदार कलम म्हणजे पाणी. माणसं 14, वेळ सकाळी 8 ते संध्याकाळी 6, म्हणून लिटरच्या बाटल्यांचे खोके 2. एका खोक्यात 12, एकूण 24 लिटर.

या 24 बाटल्यांवर जेवढा खल होतो तेवढा मुलाच्या अकरावीच्या प्रवेशावरही होत नाही. गार घ्यायच्या की साध्या? घशाची माणसं किती? डिकीत ठेवल्या तर वाटेत हाताशी कशा येणार, आणि पायाशी ठेवल्या तर मोठ्या काकूंनी गुडघे कुठे ठेवायचे? एकमेकांच्या बाटल्या तोंडाला लागू नयेत म्हणून झाकणांवर मार्करने आद्याक्षरं घालायचं ठरतं. घरात ‘स’ची माणसं पाच निघतात. मग स-1 ते स-5. सावळघाट चढेपर्यंत स-2 ने स-4 चं पाणी प्यायल्याचा संशय निर्माण होतो आणि गाडीत शांतता पसरते. करंजाळीला कणसं खाल्ली जातात, हाताला मीठ-लिंबू लागतं, आणि ते धुवायला दोन बाटल्या खर्ची पडतात. बाहेर हे एवढं धो धो कोसळत असतं. हात खिडकीबाहेर काढला असता तरी भागलं असतं, पण मग काच खाली करावी लागली असती आणि सीट भिजली असती.

कोटंबी घाटाच्या अलीकडे की पलीकडे हे महत्त्वाचं नाही, धबधबा सापडतो. सगळे त्याखाली उभे राहतात. आणि इथे नियोजनाची खरी परीक्षा होते : प्रत्येकाने एक हात वर करून आपली बाटली डोक्यावर धरलेली असते, झाकण घट्ट लावून. आत धबधब्याचं पाणी जायला नको.

पेठ तालुक्यात वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहराच्या जवळपास तिप्पट. तरी तो तालुक्यात मुक्कामाला थांबत नाही. खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि सगळा उतार पश्चिमेला. पाणी ओहळांनी दमणगंगेला नाहीतर पारला मिळतं आणि गुजरातेत उतरतं. दमणगंगेचं मधुबन धरणात अडतं, तिथून पुढे वापीकडच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतं. ज्या ओहळाखाली स-1 ते स-5 भिजले, त्याच्यासारख्याच ओहळांच्या कोरड्या पात्रात एप्रिलमध्ये पाड्यावरच्या बाया झिरा उकरून बसतात. पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीने भरायचं, फडक्याने गाळायचं. एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते झिऱ्याच्या मर्जीवर. टँकर आलाच तर त्याचं सरकारी माप आहे माणशी दिवसाला 20 लिटर, आणि त्यात पिणं, रांधणं, अंघोळ, धुणं, बाळाची दुपटी, सगळं आलं. तो टँकर विहिरीत ओततात. मग विहिरीच्या तळातून ते पाणी पुन्हा दोराने ओढायचं, आणि हंडा डोक्यावर घेऊन चढ चढायचा. हे दर उन्हाळ्यात होतं, दर उन्हाळ्यात त्याचे फोटो छापून येतात, दर उन्हाळ्यात कोणीतरी हळहळतं आणि मृगाचा पाऊस पडला की हळहळ वाहून जाते. ज्या तालुक्यात एवढा पाऊस कोसळतो तिथे दहा महिन्यांनी बाई वाटीने पाणी भरते, आणि याची लाज कोणाच्याच तक्त्यात, कोणत्याच खात्याला टाकलेली नसते!

असो. सहल चाललीय.

खाचरात आवणी चालू असते. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांना ‘जरा वर बघा ना’ अशी विनंती होते. त्या बघत नाहीत, कारण ऊन पडायच्या आत राहिलेला तुकडा लावून व्हायचा असतो. तरी फोटो निघतो आणि त्याखाली ‘किती साधं, निर्मळ जीवन’ असं लिहून गटावर जातो. म्हणजे जायला निघतो; नेटवर्क नसल्यामुळे साधं निर्मळ जीवन अर्ध्या वाटेवर गोल गोल फिरत राहतं. रिकाम्या बाटल्या तेवढ्यात उतारावरून घरंगळत खाचराच्या बांधाला लागतात. पाणी आपल्या मार्गाने गेलं, बाटल्याही त्याच मार्गाने.

परतीच्या वेळी तक्ता उघडला जातो. दोन बाटल्या शिल्लक, सीलबंद. घरी न्यायच्या तर कोणाच्या घरी, यावर दोन मतं पडतात. अखेर निवृत्त गृहस्थ मार्ग काढतात : गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पोराला त्या दान करायच्या. पोरगा घेतो. उलट्या करून दोन्हीतलं पाणी गटारात ओततो, बाटल्या बगलेत मारतो आणि पळतो. शाळेत न्यायला बाटली चांगली असते.

हा प्रसंग नाशिकच्या वेशीवर नेटवर्क येताच गटावर पडला. “पैसे मोजून घेतलेलं पाणी ओतून दिलं! या लोकांना पाण्याची किंमतच नाही,” असं मोठ्या काकूंनी लिहिलं. खाली लगेच नऊ अंगठे आले, त्यात धाकट्या आत्यांचाही.