वीजबिलाला पाटी लागत नाही

खान्देशात दातृत्व आटलंय अशी आवई ज्यानं उठवली, तो माणूस जळगाव-धुळ्याचा नसणार. ऊन आणि दाते यांचा तुटवडा आमच्याकडे कधी पडलेला नाही. कुठल्याही वाचनालयात, बालवाडीत, वसतिगृहात शिरा आणि दारापासून मोरीपर्यंत नावं वाचत जा. बाक कोणाच्या तरी मातोश्रींच्या स्मरणार्थ, कपाट कोणाच्या तरी एकसष्टीनिमित्त, पाण्याची टाकी म्हणजे एका क्लबाचा 'कायमस्वरूपी प्रकल्प'. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचारला थांबलेलं, तबकडीवर दात्याचं नाव मात्र ठसठशीत. घड्याळाला हवा असतो एक सेल. सेलवर नाव लिहायला जागा नसते, म्हणून त्या संस्थेत कित्येक वर्षं सव्वाचारच वाजलेत.

तालुक्याच्या एका गावी अभ्यासिकेत पंखेदानाचा सोहळा पाहिला. शेठनी सहा पंखे दिले होते. प्रत्येकाला तीन पाती. पहिल्यावर 'कै.', दुसऱ्यावर वडिलांचं नाव, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. महिना मेचा, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आत तलाठी आणि पोलीस भरतीचा अभ्यास करणारी तीसेक पोरं. बटण दाबलं, पंखे गरगरले, पोरांनी हुश्श केलं आणि शेठचा चेहरा पडला. वडील दिसेनासे झाले होते. "आप्पा, पंखे बंद करा जरा. फोटोत नाव येत नाही." पंखे बंद झाले. मग फोटो, मग शाल-नारळ, मग एका माननीयांचं सेवाभावावर चाळीस मिनिटं भाषण. उशिरा आलेल्या एका पोरानं घाम पुसत शेजाऱ्याला विचारलं, "लाइट गेली का भो?" शेजारी म्हणाला, "नाही भो, दान चालू आहे."

चहा झाल्यावर चिटणीस आप्पांनी धीर करून विषय काढला. "शेठ, पंखे फिरले की मीटरही फिरतं. महिन्याच्या बिलाचं काही जमलं तर…" शेठ गंभीर झाले. "आप्पा, आपलं एक तत्त्व आहे. वस्तू द्यायची, पैसा द्यायचा नाही. पैशानं संस्था बिघडते." शेठचं स्वतःचं दुकान तीन पिढ्या पैशाच्याच संगतीत आहे. ते बिघडल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

अडचण अशी आहे की संस्था चालते ती नेमकी पाटी न लागणाऱ्या गोष्टींवर. ग्रंथपालबाईंचा पगार, घरपट्टी, हिशेब तपासनिसाची फी, झाडलोट करणाऱ्या मावशी, कपाटामागच्या वाळवीचं औषध. यातल्या कशाचंही उद्घाटन होत नाही. वाळवी मारताना मान्यवरांचा फोटो कोण छापणार? त्यामुळे एका वाचनालयात कपाटं चौदा आणि कुलूप उघडायला माणूस संध्याकाळी फक्त दोन तास, अशी समृद्धी नांदते.

दानाची ही कला आजची नाही. बाजारपेठांतून पूर्वी 'धर्मादा' घेतला जायचा. शेतकऱ्यानं गाडी भरून माल आणला की तोलाई, हमालीच्या पंगतीला तोही बसायचा. पैसा कापला जाई शेतकऱ्याचा, वहीत जमा होई व्यापाऱ्याच्या आणि धर्मशाळेच्या दगडावर नाव कोरलं जाई… तुम्हीच ओळखा. शेवटी 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला त्यासाठी चोपन्नावं कलम घालावं लागलं: धर्मादा म्हणून गोळा केलेला पैसा त्या व्यापाऱ्याचा नव्हे, तो त्याचा फक्त विश्वस्त. कायद्याला जी गोष्ट लिहून सांगावी लागते, ती आधी किती उघडपणे चालू असेल याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

अर्थात याच मुलखात उलट्या डोक्याचे दातेही होऊन गेले. अमळनेरचे प्रतापशेठ हे गिरणीमालक. 1916 साली त्यांनी गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. नुसत्या भिंती बांधून ते थांबले असते तरी नाव झालंच असतं, पण शेठनी विद्यार्थ्यांना वृत्ती देऊन तिथं बसवलं. काम काय, तर विचार करा. साने गुरुजी अमळनेरला पहिल्यांदा आले ते या मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला. शाळेत मास्तर झाले ते नंतर, 1924 साली. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर आज अख्खा तालुका मिरवतो, त्याची सुरुवात कोणाच्या तरी 'प्रशासकीय खर्चा'त झालेली आहे.

आज प्रतापशेठ तो प्रस्ताव घेऊन एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागात गेले असते तर? वातानुकूलित खोलीतल्या तरुण अधिकाऱ्यानं लॅपटॉपवरून नजर न काढता विचारलं असतं, "सर, दर तिमाहीला साधारण किती विचार होतील? आणि लाभार्थी?" शेठ म्हणाले असते, इथं मुख्य अभ्यास अद्वैताचा आहे. "चालेल. पण अद्वैत सिद्ध झाल्यावर लाभार्थी एकच राहणार असेल, तर माणशी खर्च फार दिसतोय."

धुळ्याचं प्रकरण याहून अवघड. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले आणि 1927 उजाडताच धुळेकरांनी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं केलं. गावोगावचे वाडे आणि माळे धुंडाळून या माणसानं आयुष्यभर दप्तरं जमवली. अशा कागदांचा सांभाळ हे पाटीच्या दृष्टीनं अगदी नापीक काम. जुना कागद होता तसाच राहिला, हेच त्यातलं यश. "यंदा नवीन काय केलंत?" या रकान्यात बिचाऱ्या संस्थेनं लिहायचं काय? "होतं ते कुजू दिलं नाही"? असल्या अहवालावर पुढचा हप्ता सुटत नसतो. मंडळाची शंभरी मात्र निश्चिंत पार पडेल. 2027 आहे, शतक आहे, कमान उभारता येते, कमानीवर फोटो लावता येतात. राजवाड्यांचाही एखादा बसवता येईल.

आता सीएसआरचं म्हणाल, तर कायदा सोन्यासारखा आहे. कंपनी कायदा 2013, कलम 135, अंमल 1 एप्रिल 2014 पासून. पाच कोटी नफा, हजार कोटी उलाढाल किंवा पाचशे कोटींचं नक्त मूल्य, यातलं एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी. कंपनी जिथं आहे तिथल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असंही कायदा सांगतो. म्हणजे सातपुड्याच्या पाड्यावरच्या बालवाडीनं दान मिळण्यासाठी आधी कारखान्याशेजारी जन्म घ्यायला हवा होता. ही चूक त्या बालवाडीची आहे.

शिवाय कागद हवेत. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराचं बारा-ए, ऐंशी-जी (तेही आता ठरावीक मुदतीनं नव्यानं), दर्पण क्रमांक, 2021 पासून सीएसआर-वन. हे सगळं भरायला माणूस हवा, माणसाला पगार हवा आणि पगाराला पैसा द्यायचा नाही हे तत्त्व आहेच. कायद्यानं कंपनीला बजावलं होतं की सीएसआरच्या स्वतःच्या कारभारावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त उधळू नका. कंपन्यांनी तो फास बऱ्याच ठिकाणी हळूच सोडवला आणि संस्थेच्या गळ्यात घातला. परदेशातून मदत घ्यावी म्हणाल, तर परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर साक्री तालुक्यातल्या संस्थेलाही खातं दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. कारभारखर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली आणि मोठ्या संस्थेनं त्या पैशातून धाकटीला काही द्यायचं तर तेही बंद. भाऊबंदकी असावी तर अशी, कायदेशीर.

मदत मागायच्या फॉर्मांतला माझा आवडता रकाना शेवटचा: 'तीन वर्षांनंतर प्रकल्प स्वतःच्या पायावर कसा उभा राहील?' पाड्यावरच्या बालवाडीतली मुलं तेव्हा पाच-सहा वर्षांची झालेली असतील. काही नक्की उभी राहतील. बालवाडीनं त्यांच्याकडून कोणता महसूल गोळा करावा, हे फॉर्मात सुचवलेलं नाही.

अमळनेरला परत येतो, कारण हा विषय त्या गावाला टाळता येत नाही. 1945 च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजींनी तिथं वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. तेव्हा गावातल्या बऱ्याच लोकांनी शेअर घेतले होते आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांचं पुढं काय झालं, हे खान्देशात रामायणाइतकं पाठ आहे. ज्यांनी विकले, त्यांच्या घरात आजही एक आजोबा असतात ज्यांनी आत्याच्या लग्नात शेअर काढले होते, आणि एक नातू असतो जो कागदपेन घेऊन त्या लग्नाचा आजचा खर्च कोटींत काढून दाखवतो. या नातवाकडे वाचनालयाच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन जा. "सध्या जरा ओढाताण आहे भाऊ."

कंपनी काढणाऱ्या प्रेमजींचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी स्वतः काय केलं, तर मार्च 2019 पर्यंत विप्रोतली 67 टक्के मालकी धर्मादाय कामाला लावली. ती धरून एकूण दान 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचं. त्यांच्या मदतीतून लहान संस्थांना काही वर्षांसाठी सलग अनुदान मिळतं, हे ऐकून आमचे स्थानिक दाते हळहळले. एवढ्या पैशात किती पाट्या आल्या असत्या! माणसाचा जन्म मुंबईचा म्हणून त्याला 'अमळनेरचे सुपुत्र' म्हणायला जरा अडचण आहे, पण मानपत्रात तेवढं चालवून घेतलं जाईल.

एकजूट म्हणाल तर फेब्रुवारी 2024 ची बघावी. सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला प्रताप महाविद्यालयात भरलं. सरकारी अनुदान कोटीच्या घरातलं, मांडव, पाहुणे, सगळं यथासांग. तीन दिवस मराठी भाषेच्या भवितव्याची काळजी वाहिली गेली. त्या दिवसांत गावोगावच्या ड वर्ग वाचनालयांत काय चाललं होतं? नेहमीचंच. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे 1967 चा, वर्गवारी आहे अ, ब, क, ड अशी. अनुदान वाढलं 2012 मध्ये आणि मग थेट दहा वर्षांनी, 2022 मध्ये, साठ टक्क्यांनी. मधल्या काळात पुस्तकांचे, विजेचे आणि भाकरीचे भाव दहा वर्षं थांबून राहिले असावेत. जिथं पुस्तक रोज दिलं-घेतलं जातं, तिथल्या माणसाला अनुदानाच्या हप्त्यापर्यंत उधारीवर जगायचं असतं. भवितव्याच्या चर्चेला मानधन असतं.

त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही संमेलनही झालं, अध्यक्ष डॉ. वासुदेव मुलाटे. विद्रोहींची पैसे जमवण्याची रीत ठरलेली: मूठभर धान्य, एक रुपया. दारोदार जायचं, जे मिळेल ते घ्यायचं. आता अशा दात्याचं करायचं काय? ज्या म्हातारीनं मूठभर ज्वारी दिली तिला शाल द्यायची, तर शालीची किंमत ज्वारीपेक्षा जास्त. धान्यावर नाव घालता येत नाही, आणि भाकरी झाल्यावर कोणाची ज्वारी कोणाच्या पोटात गेली याचा अहवालही देता येत नाही. देणगीशास्त्राच्या दृष्टीनं सगळाच अंधार. गंमत अशी की मांडव मात्र पडला आणि लोक जेवले.

बारीपाड्याचंही तसंच. साक्री तालुक्यातला हा आदिवासी पाडा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी उजाड झालेलं रान नियम करून, दंड बसवून, पाळ्या लावून राखलं आणि शेकडो हेक्टर जंगल पुन्हा उभं केलं. 2025 मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. राखणीला रात्री काठी घेऊन बसणाऱ्या माणसाला त्या पहिल्या वर्षांत कोणी प्रायोजक विचारत नसतो. तो विचारतो जंगल झाल्यावर: "इथं आमचा एक बोर्ड लावला तर चालेल का? झाडालाच ठोकू, खांबाचा खर्च नको."

हे सगळं बघून आम्ही काही मंडळींनी दात्यांच्या सोयीसाठी एक योजना आखली आहे. पाटीशिवाय दान नाही, तर पाटीच सगळीकडे न्यायची. ग्रंथपालबाईंच्या पगाराच्या पाकिटावर दात्याचा रंगीत फोटो. हिशेब तपासनिसाच्या अहवालावर 'सौजन्य'. वाळवीच्या औषधाच्या डब्यावर तिन्ही पिढ्यांची नावं. आणि वीजबिल चौकटीत बसवून, हार घालून दर्शनी भिंतीवर.

पंखेवाल्या शेठना ही कल्पना पसंत पडली. त्यांनी अभ्यासिकेचं सहा महिन्यांचं बिल भरायचं कबूलही केलं आहे. अट एकच: बिलाचं अनावरण पालकमंत्र्यांच्या हस्ते व्हावं. मंत्र्यांची तारीख अजून मिळालेली नाही, आणि तोवर बिल थकीतच दिसलं पाहिजे, नाहीतर अनावरण कशाचं करणार? म्हणून आप्पांनी यंदाची वर्गणी बाजूला काढून भरायला नेलेले पैसे शेठच्या सांगण्यावरून परत आणलेत. मागच्या मंगळवारी वायरमन येऊन जोडणी तोडून गेला.

शेठनी निरोप धाडलाय की काळजी नको, अंधारात फोटोला फ्लॅश छान पडतो.