काकबळीचे दहा टीएमसी

कावेरीची वाटणी एकूण ७४० टीएमसीची. तामिळनाडूला ४०४.२५, कर्नाटकाला २८४.७५, केरळला ३०, पुद्दुचेरीला ७, समुद्राला ४ आणि पर्यावरणाला १०. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गणित पक्के केले. पर्यावरणाच्या बाजूने कोणी घसा कोरडा केला नव्हता, तरी दहा मिळाले. श्राद्धाला पंगत बसण्याआधी काकबळी बाजूला काढतात, तसे.

त्याच वर्षी जूनमध्ये कावेरीतल्या कुबडाच्या महसीरला शास्त्रीय नाव लागले: तोर रेमादेवी. साहेबाच्या काळापासून लोक त्याला गळाला लावून शेजारी उभे राहून फोटो काढत होते. १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचे धूड सापडले. पण कागदोपत्री मासा बेनामी. निकाल फेब्रुवारीत, नाव जूनमध्ये, म्हणजे पक्षकार व्हायची संधी चार महिन्यांनी हुकली. त्या वर्षअखेरीपर्यंत ‘अतिसंकटग्रस्त’ असा शेराही मिळाला. एका वर्षात दोन दाखले! आपल्याला उत्पन्नाचा एक मिळवताना नाकी नऊ येतात.

माशाची मागणी तशी किरकोळ आहे. पावसाळ्याचा लोंढा आला की महसीर प्रवाहाविरुद्ध वर निघतो, आपल्याकडचे चढणीचे मासे निघतात तसाच. स्वच्छ गोट्यांच्या फटीत अंडी पडतात आणि पिल्ले फुटेपर्यंत तीन-चार दिवस पाणी उतरू नये, एवढेच. पण पहिला लोंढा कृष्णराजसागर आणि कबिनी धरणांच्या पोटात जातो. धरण भरले की कर्नाटकाचे मुख्यमंत्री नदीला बागिन, म्हणजे वाण, अर्पण करतात. तोवर खाली सुटते ते तामिळनाडूच्या सीमेवर बिळिगुंडलूच्या मोजणी केंद्रावर आकडा दाखवण्यापुरते: जूनला ९.१९ टीएमसी, जुलैला ३१.२४. बेरीज जुळली की अधिकारी सुटले.

दिल्लीहून आदेश आला, दरवाजे वर. मंड्यात रास्ता रोको झाला, दरवाजे खाली. मधल्या दोन रात्रींत एखाद्या मादीने भरवसा ठेवून अंडी घातली असतील, तर सकाळी पाणी उतरलेले, गोटे उघडे आणि अंडी उन्हात. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा मिळतो. नदीतले रहिवासी यादीत नाहीत.

महाराष्ट्राने मात्र या प्रकरणात आपला वाटा कधीच उचलला आहे. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेली निळ्या परांच्या महसीरची बोटुकली १९७०च्या दशकापासून कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता. आपला गडी तिथे असा काही रुजला, की मूळचा कुबडवाला दिसेनासा झाला. परप्रांतीय येऊन भूमिपुत्रांचा घास काढतात, ही ओरड आपण इतकी वर्षे केली; कावेरीत ती आपल्याच माशाविरुद्ध करता येईल. पण करणार कोण? पाण्यासाठी २०१६ मध्ये बंगळुरूत बसगाड्यांची होळी झाली. माशासाठी अजून कोणी सायकलचा टायरसुद्धा पेटवलेला नाही.