रंगवलं आणि गेलं

सायवनला पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी आधी डोंगर दाखवतो आणि मग आमचे ड्रॉइंगचे सर. डोंगर बोलत नाही, एवढाच दोघांत फरक. हलवायला दोन्ही सारखेच कठीण.

हा प्राणी फक्त डहाणू तालुक्यात सापडतो असं नाही. ज्या ज्या शाळेत ड्रॉइंगचा तास ‘तुम्हीच घ्या हो’ म्हणून गणिताच्या सरांना देऊन टाकतात, तिथे तिथे तो असतो. आमच्या आश्रमशाळेत ते तास वर्षानुवर्षं खाणारा गणिताचा सर मीच. म्हणून की काय, निवृत्तीनंतर प्रदर्शनाला न्यायला ते मलाच पकडतात. सूड असावा.

2013 साली डहाणू रोड ते चर्चगेट लोकल सुरू झाली आणि माझं रविवारचं सुख संपलं. तोवर ‘विरारला गाडी बदलायची, उभं राहायचं, नको’ हे कारण पुरत होतं. आता पहाटेच्या जीपने कासा, तिथून चारोटीमार्गे डहाणू आणि पुढे सव्वाशे किलोमीटर एकाच डब्यात. वाटेत गंजाड आलं की सर नमस्कार करतात. एकाच हाताने, कारण दुसऱ्या हातात जीपचा दांडा असतो. गंजाड म्हणजे जिव्या सोमा मशे यांचं गाव. नमस्कार झाला की ड्रायव्हरला पुन्हा एकदा सांगतात की 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांची वारली चित्रं लागली होती आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ड्रायव्हरला हे पाठ आहे. हल्ली साल तोच आधी सांगतो.

परवाचं प्रदर्शन जोड्यांचं होतं. डाव्या हाताला कोळशाचं रेखाटन, उजव्या हाताला त्याच विषयाचं तैलचित्र. मासे विकणारी बाई दोनदा, वडाचं झाड दोनदा, फलाटावर झोपलेला हमाल दोनदा. काळा घोड्याच्या परिसरात हे दालन होतं. कुठलं ते सांगत नाही, पुढे काय घडलं ते वाचल्यावर कळेलच.

सरांची चित्र पाहण्याची रीत ठरलेली आहे. आधी नाक कॅनव्हासला लागेल इतकं जवळ जायचं, एक डोळा मिटायचा आणि मग पाठ न वळवता चार पावलं मागे यायचं. या चार पावलांत आजवर एक कॉलेजकन्या, एक आजोबा आणि एकदा लोखंडी सळ्यांचा भारा आला. तो भारा शिल्प होता की कामगारांनी विसरलेलं सामान, हे ठरायच्या आत आम्ही दालन बदललं. मागे आल्यावर दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून पाहायचं, “हं” म्हणायचं आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने मला सांगायचं, “लय बघा, सर.” (आम्ही दोघंही एकमेकांना ‘सर’ म्हणतो. मास्तरकीत नावं लवकर गळून पडतात.)

त्या दिवशी मात्र लय नव्हती, सिद्धांत होता. पहिल्या जोडीसमोर त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. “हे बघा.” मग उजवीकडे. “आणि हे. रंगवलं आणि गेलं.”

या वाक्यामागे एकतीस वर्षांचा अनुभव आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षांचा. स्मरणचित्राचा पेपर, विषय आठवडी बाजार. पोरगं पेन्सिलीने असा बाजार उभा करतं की जाऊन कांद्याचा भाव विचारावा. टोपलीवाली उकिडवी बसलेली असते, तराजूचा काटा एका बाजूला कललेला असतो, मागे बोंबील टांगलेले असतात. सर मागून हळूच बघतात आणि खूश होऊन पुढच्या बाकाकडे जातात. मग रंगपेटी उघडते. आधी भाजी हिरवी होते, भाजीचा हिरवा बाईच्या लुगड्यात उतरतो, लुगड्याचा लाल जमिनीत मुरतो आणि आभाळ खाली येऊन साऱ्यांना भेटतं. शेवटच्या दहा मिनिटांत बाजारात पूर येतो. पोराला ‘सी’ ग्रेड मिळते. सरांच्या मते रेषेला ‘ए’ होती, ‘सी’ फक्त पाण्याला मिळाली.

पाचव्या जोडीपर्यंत आमच्या मागे सहा-सात माणसं जमली होती. सरांचा पांढरा सदरा, खांद्याची शबनम आणि मिटलेला डोळा पाहून कुणीतरी समीक्षक आलाय असा त्यांचा समज झाला असावा. एका बाईंनी वहीही काढली. सरांना ते दिसलं आणि आवाज अर्ध्या पट्टीने वर गेला.

मी मध्येच म्हणालो, “सर, शेवटी कोळसाच हा. उगाळावा तितका काळाच.”

“चूक,” सर म्हणाले. “गणितवाल्यांना एकच काळा दिसतो. इकडे या.”

आणि त्यांनी मला हमालाच्या खांद्यापाशी नेलं. मान्य करतो, तो चौरस इंच मी कधी विसरणार नाही. कांडी आडवी धरून नुसती फिरवली होती तिथे कागदाच्या खडबडीत कण्या पांढऱ्याच राहिल्या होत्या, नाचणीच्या भाकरीवर पीठ राहावं तशा. काखेत जोर देऊन दाबलं होतं तिथे काळा मखमलीसारखा खोल गेला होता. मानेखाली बोटाने चोळलेला राखाडी धूर. आणि खांद्याच्या हाडावर खोडरबराने उचललेली उजेडाची एकच रेघ. कोळसा लावून नव्हे, काढून आणलेली. उजवीकडच्या तैलचित्रात तोच खांदा तांबूस, पिवळा आणि थोडा जांभळा होता. चांगला होता. पण हमाल झोपला होता तो डावीकडे. उजवीकडे तो पोज देत होता.

एवढं पटल्यावर मी सरांना अडवायला हवं होतं. पण त्यांच्या हाती दरपत्रक आलं. रेखाटनापेक्षा तैलचित्राची किंमत कितीतरी पट. “बघा!” सर गरजले. “बिघडवायचे जास्त पैसे!” वहीवाल्या बाईंनी हेही लिहून घेतलं.

हा सिद्धांत अगदीच निर्दोष आहे असं नाही. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन 2019 च्या अखेरीस काळा घोड्याजवळच्याच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं होतं, तेव्हाही आम्ही गेलो होतो. क्ष-किरण पाहणारा डॉक्टर. माणसाचं हाड कुठे असतं ते रंगाखालीही विसरत नाही. रंगवलं आणि राहिलं, अशी चित्रं. सर तिथे मजल्यामागून मजले चढत गेले आणि दोन तास गप्प होते. लोकलमध्ये वसई गेल्यावर म्हणाले, “अपवाद.” पालघरला म्हणाले, “ते डॉक्टर आहेत ना पण.”

जोडीच्या प्रदर्शनाचा मान मात्र आपल्याच भागाचा, हे ते ठासून सांगतात. 2003 साली जर्मनीत, ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात, रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंत आणि आपले मशे यांचं काम एकत्र मांडलं होतं. लाँग मैलोन्‌मैल चालतो आणि ते चालणं हीच त्याची कला. “चालणं कला असेल,” आमचे सर म्हणतात, “तर कासा-सायवन रस्त्यावर गाडी चुकलेला प्रत्येकजण कलावंत.” त्यांच्या दृष्टीने मशे यांचं थोरपण निराळंच आहे. शेणागेरूवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा. रंगपेटी उघडायचीच नाही, म्हणजे पूर येत नाही.

सरांच्या खाटेखाली एक ट्रंक आहे. चिंचेच्या बारीक काड्या पत्र्याच्या डब्यात कोंबून, झाकण घट्ट लावून, चुलीच्या निखाऱ्यात पुरून ते स्वतः कोळसा करतात. हवा आत गेली तर काड्यांची राख होते, म्हणून झाकणाला फक्त खिळ्याचं भोक. त्या कोळशाने काढलेली विद्यार्थ्यांची चित्रं ट्रंकेत आहेत, पन्नासेक तरी. तारपा वाजवणारा एक म्हातारा आहे, त्याचे फुगलेले गाल बघून आपलाच श्वास अडकतो. तळाशी तैलरंगांच्या नळ्यांचा खोका आहे. सगळ्या नळ्या भरलेल्या आणि सगळ्या दगडासारख्या घट्ट. एकीचंही टोपण फिरत नाही. मी एकदा विचारलं होतं. सरांनी ट्रंक बंद केली आणि चहा टाकायला सांगितला.

तर, दालनात. काचेविना टांगलेल्या हमालाच्या त्या रेखाटनासमोर सरांना शंका आली की याच्यावर फिक्सेटिव्ह मारलंय की नाही. कोळसा कागदाला चिकटत नाही, नुसता बसलेला असतो. फवारा मारला नाही तर फुंकरेनेही उडतो. एकतीस वर्षं ‘चित्राला हात लावू नका’ म्हणून पोरांना दटावणाऱ्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि अनामिकेचं टोक कागदाच्या कोपऱ्याला टेकवलं.

फिक्सेटिव्ह मारलं नव्हतं.

कोपऱ्यात आधीच इतकी चोळाचोळ होती की एका बोटाने काही फरक पडला नसावा, निदान मी स्वतःला तसं समजावलं. सरांनी बोट मागे घेतलं, विचारात पडले आणि विचारात ते नेहमी नाकाची डावी बाजू चोळतात. चोळली. मग अभिप्रायाच्या वहीत अर्धं पान लिहिलं, काळा घोड्याचं ‘समोवार’ उपाहारगृह 2015 साली बंद झाल्याबद्दल हळहळले (तिथला चहा त्यांना एकदाच परवडला होता, पण दुःख रोजच्या गिऱ्हाइकाचं) आणि आम्ही चर्चगेटला आलो.

मी सांगितलं नाही. आधी सांगणारच होतो, पण अंधेरीपर्यंत त्यांनी माझ्या दृष्टिहीनतेवर जे व्याख्यान दिलं, त्यानंतर इच्छा राहिली नाही. समोरचा मुलगा बोरिवली ते बोईसर त्यांच्या नाकाकडे बघत होता. सरांचा समज झाला की त्याला चित्रकलेची आवड आहे. त्याला इंटरमिजिएटचा अभ्यासक्रम सांगितला.

घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. वहिनींनी दार उघडलं आणि त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो, हे काय? भट्टीत डोकं घातलंत का?”

सर ओसरीवरच्या आरशासमोर गेले. जवळ गेले, एक डोळा मिटला. मग चार पावलं मागे आले. मी वेळीच बाजूला झालो. वहिनींनी ओला टॉवेल आणला.

“थांब,” सर म्हणाले. “पुसू नकोस. बिघडेल.”