मामांच्या दुनळीला दुर्बीण

आमच्या मामांकडे वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात थोडी शेती आणि आजोबांपासून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर चालत आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. यंदा रानडुकरांनी हरभऱ्याची पार वाट लावली, तेव्हा मामांचा फोन आला. "भाच्या, बंदुकीले दुर्बीण बसवाव म्हनतो. तू शिकलेला हायेस, कोनती घ्याची ते पाह्य."

मी कॉलेजात मराठी शिकवतो. पण आमच्याकडे शिकलेल्या माणसाला मोटरपंपापासून मुलीच्या पत्रिकेपर्यंत काहीही विचारता येतं, आणि 'माहीत नाही' हे उत्तर उद्धटपणात मोडतं. लागलो अभ्यासाला.

बंदुकीच्या दुर्बिणीवर ३-९×४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे डुक्कर तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठं दिसणार (मामांना ते आधीच म्हशीएवढं दिसतं), आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४० मिलिमीटर. व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी निघते. रात्रीच्या कामाला ती जास्त हवी, म्हणून ५६ मिलिमीटरचं महागडं भिंग. आठपटीला ते सात मिलिमीटरचा झोत देतं. तरण्या माणसाची बाहुली अंधारात तेवढी उघडतेही; साठी उलटली की बहुधा पाचाच्या आसपासच थांबते. मामांची सत्तरी जवळ आलेली. म्हणजे उरलेला उजेड बाहुलीच्या बाहेर सांडणार, त्याचे पैसे मात्र पुरते मोजायचे. हे मी मामींना सांगितलं. मामांना कोण सांगणार!

शिवाय डोळा मागच्या भिंगापासून तीन-चार इंच लांब ठेवावा लागतो. बार उडाला की बंदूक मागे येते. जवळ गेलेल्याच्या भुवईत दुर्बिणीची कडा बसते. डुक्कर सुखरूप घरी, शिकारी टाके घालायला सरकारी दवाखान्यात.

तरी मामांना घेऊन नागपूरच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "रायफल कोणती?" मामा ऐटीत म्हणाले, "दुनळी." तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा. दुनळीचे छर्रे पसरत जातात, चाळीस-पन्नास मीटरपलीकडे त्यांचा भरवसा नाही, हे त्यानं शांतपणे समजावलं. पसरणाऱ्या छर्र्यांना नऊपटीचा नेम म्हणजे बादलीनं सडा घालताना फूटपट्टी लावणं. मामा हार मानेनात. "तो जिम कार्बेट कोनती लावे?" चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल कॉर्बेटला १९०७ साली बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी होती, आणि तिच्यावर दुर्बीण नव्हती. मामा बाहेर येऊन चहाला लागले.

खरी अडचण पुढेच आहे. नेम धरायचा कशावर? १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणारी रानडुकरं नि रोही (नीलगायी) मारायला परवानगी मागता येते. पण अर्ज, पंचनामा, अटी एवढे शब्द ऐकूनच मामांनी पान लावायला घेतलं. बाजूला बोर व्याघ्र प्रकल्प, त्याचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. तिथल्या वाघाला आपली हद्द कुठे संपते हे कोणी सांगितलेलं नाही. रात्री तुरीत चमकणारे डोळे डुकराचेच असतील, याची हमी कुठलंही भिंग देत नाही.

"बापूच्या जिल्ह्यात डुकराले हातच लावता येत नाही," मामा कुरकुरले. बापूंवर हा आळ मात्र उगाच. १९४६ साली 'हरिजन'मध्ये त्यांनीच लिहिलं होतं की, माणसाच्या हिताला उपद्रव ठरलेल्या वानरांना मारणं क्षम्य आहे. मामांना हे सांगितल्यापासून ते पक्के गांधीवादी झालेत.

आणि बंदूक घरी असते तरी किती दिवस? लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता नाही. बंदूक घरी असली की मामा जागलीला जाऊन हवेत एक बार काढतात. डुकरं मान वर करतात, मामा आहेत हे बघतात आणि पुन्हा खाली घालतात.

तेव्हा दुनळीवाल्यांनो, दुर्बीण घेऊ नका. त्या पैशात चांगला टॉर्च आणि कुंपणाला सौर झटका मशीन घ्या. मात्र कुंपणाच्या तारेत घरची वीज थेट सोडू नका. ब्रह्मपुरीहून आणून बोरमध्ये सोडलेली वाघीण ऑक्टोबर २०१७मध्ये कारंजा तालुक्यात अशाच तारेला लागून मेली, आणि अशी तार रात्री पाणी द्यायला निघालेल्या माणसालाही ओळखत नाही.