ध्वनिलहरींचे फडणीस

लखनौ शहराशी मराठी माणसाचा संगीतापुरता तरी ऋणानुबंध जुना आहे. भातखंडे पंडितांनी राय उमानाथ बलींसारख्या रसिक तालुकदारांच्या साहाय्याने १९२६ साली येथे मॅरिस कॉलेज काढले, श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते पुढे दीर्घकाळ चालविले, आणि १९५२ मध्ये नभोवाणीचे मंत्रिपद हाती येताच ज्यांनी चित्रपटगीतांस आकाशवाणीची पायरी चढणे मुश्कील करून टाकले ते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हेही जन्माने मराठी असून निवडून येत ते उत्तर प्रदेशातूनच. एवढी शास्त्रोक्त पुण्याई पाठीशी असलेल्या या नगरीत, १९६० च्या सुमारास, अमीनाबादेतील एका माडीवर राहणारे आणि रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरीस असलेले एक मराठी गृहस्थ यमनाच्याही वाटेस गेले नाहीत आणि रेडिओ सिलोनच्याही. त्यांनी जाझ पत्करला, आणि तोसुद्धा ऐकण्यासाठी नव्हे, तर नोंदण्यासाठी. आम्ही मंडळी त्यांना फडणीस म्हणत असू.

अमेरिकेत कोणती नवी तबकडी निघाली याची फडणिसांना फारशी फिकीर नसे. ती रेडिओवर लागली की नाही, लागली तर कोणत्या तारखेस, किती मीटरवर, आणि पुन्हा लागण्याचा संभव कितपत, एवढाच त्यांच्या आस्थेचा विषय होता. त्यासाठी त्यांनी लाल कापडी बांधणीची एक जाड वही घातली होती, आणि तीत तारीख, वेळ, मीटर, मुख्य वादक, तबकडीचे नाव व शेरा अशी सहा सदरे आखली होती. शेऱ्याचे सदर विशेष वाचनीय असे. ‘साफ’ हा शेरा क्वचित, ‘खरखर’ नित्याचा, ‘पेकिंग आडवे आले’ हा आठवड्यातून एकदा तरी, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी सारे लखनौ जमघट म्हणून गच्चीवर चढून पतंग लढविते, त्या दिवशी दरसाल एकच शेरा: ‘एरियल मांज्याने कापली, नोंद नाही.’

त्यांची सारी भिस्त व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या विलिस कोनोव्हर या निवेदकावर होती. ‘म्युझिक यू.एस.ए.’ हा कोनोव्हरचा कार्यक्रम १९५५ च्या जानेवारीत सुरू झाला. परदेशच्या श्रोत्यांना कळावे म्हणून तो गृहस्थ एकेक शब्द सुटा करून अशा संथपणे बोले की फडणिसांना नावे टिपून घेऊन वर टाक पुसण्यासही अवसर मिळे. कार्यक्रमाचा प्रारंभ ड्यूक एलिंग्टनच्या ‘टेक द ए ट्रेन’ने होई, आणि गाडी ठरल्या वेळी सुटल्याचा जो आनंद त्यांना कचेरीत अभावानेच लाभे तो येथे रात्रीच्या रात्री मिळे. त्यातही त्यांस परम संतोष याचा की सरकारी प्रक्षेपण खुद्द अमेरिकेत प्रसृत करण्यास १९४८ च्या एका कायद्यान्वये मनाई असल्यामुळे, जो कोनोव्हर अमीनाबादेत ऐकू येई तो शिकागोच्या रहिवाशांसाठी मुळी नव्हताच.

महिनाअखेर ताळेबंद होई. ज्याची तबकडी महिन्यात चार वेळा लागली तो वादक ‘वजनदार’. दोन महिने जो गैरहजर राहिला तो ‘बडतर्फ’. पुन्हा लागलाच तर ‘बहाल’. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही १९५९ ची तबकडी कशी आहे, असे कोणी विचारले असता त्यांनी वही उघडून ‘उत्तम. तीनदा साफ, एकदा खरखर’ असे उत्तर दिल्याचे आम्ही स्वकर्णांनी ऐकले आहे. वादनाविषयी त्यांचे मत म्हणून जे काही होते ते एवढेच, आणि वृत्तपत्री समीक्षकांच्या मतांपेक्षा ते पुष्कळ प्रामाणिक होते, असे माझे आजही म्हणणे आहे.

डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’ त्याच साली निघाली आणि तीमधील पॉल डेसमंडरचित ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना सर्वत्र गाजू लागली, तेव्हा फडणीस ही वार्ता घेऊन एका वयोवृद्ध तबलानवाजांकडे गेले. ज्या शहराच्या नावे तबल्याचे एक घराणे चालते तेथे पाच मात्रांचे अप्रूप मिरविणे म्हणजे गंगेकाठी पाणी विकणेच होते. परंतु उस्तादांनी अदब सोडली नाही. त्यांनी विड्याची तबकडी पुढे सरकवली आणि अत्यंत मुलायम आवाजात विचारले, “पाँच? सुभानअल्लाह! और जनाब, बाक़ी कहाँ रह गईं?” फडणिसांनी त्या दिवसाच्या शेऱ्यात लिहिले, ‘स्थानिक जाणकारांचा अनुकूल अभिप्राय.’

हाच ब्रूबेक १९५८ मध्ये आपल्या चमूसह हिंदुस्थानात येऊन मुंबईस वाजवून गेला, अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीसंगे बसला, तेव्हा मात्र फडणीस गेले नाहीत. रजा शिल्लक होती, रेल्वेचा पास फुकट होता, दादरला सख्खी बहीण होती. “अहो, जाऊन तरी या एकदा,” असे वहिनीही म्हणाल्या. परंतु आपण मुंबईस असताना इकडे रेडिओवर ब्रूबेक लागला तर त्याची नोंद कोण करणार, या प्रश्नास घरात कोणापाशी उत्तर नव्हते. पुढे त्या दौऱ्यावरून स्फुरलेल्या तबकडीत ‘कॅलकटा ब्लूज’ आली आणि लखनौचा नामोल्लेखही आला नाही, तेव्हा आपण गेलो नाही ते ठीकच झाले, असे त्यांनी ठरविले.

वस्तुतः या माणसास हसणे सोपे होते. आयातीच्या निर्बंधांमुळे परदेशी तबकडी तेव्हा दुर्मिळ, आणि दिसलीच तरी हिशेब खात्याच्या पगारास न झेपणारी. हवेतून येऊन हवेत जाणाऱ्या त्या संगीतापैकी जे त्यांच्या मालकीचे होऊ शकत होते ते म्हणजे फक्त तारीख आणि वेळ, आणि तेवढे त्यांनी जपले.

तशात त्यांचा एक भाचा अमेरिकेहून परतताना ‘टाइम आउट’चीच तबकडी मामांसाठी घेऊन आला. शेजारच्या वकीलसाहेबांचा ग्रामोफोन मागून आणला गेला, आम्ही चारपाच जण सतरंजीवर बसलो, वहिनींनी पोहे केले. दोन्ही बाजू अथपासून इतिपर्यंत वाजल्या. ना खरखर, ना पेकिंग. फडणीस वही मांडीवर घेऊन टाक उचलून बसले होते ते तसेच राहिले, आणि शेवटी भाच्याकडे वळून किंचित तक्रारीच्या सुरात म्हणाले, “हे सगळं ठीक आहे रे, पण ही लागली कुठे?” बराच विचार करून त्यांनी वहीच्या अखेरच्या कोऱ्या पानावर एक नवे सदर आखले, त्यास ‘बेवारस माल’ असे शीर्षक दिले, आणि तबकडी पेटीत घालून कुलूप लावले.